तिसरं इंजिन

जळगावच्या कुरिअर ऑफिसात नूतन झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे रेल्वेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आणि त्यांची बायको भिकुबाई. काउंटरवर कारकुनापुढे त्यांनी नातवंडासाठी मागवलेलं खेळण्यातलं नवंकोरं इंजिन.

"हे तिसरं, भाऊ. पहिल्याचं चाक निसटलं, दुसऱ्याचा दिवा मागच्या बाजूला बसवलेला."

"याला काय झालं, आबा?"

"वायरी उलट्या जोडल्यात. पुढे घेतलं की मागे पळतं."

"उघडून तुम्हीच नीट करा ना."

"हात थरथरतात आता."

"परतीच्या फॉर्मवर दोनच रकाने आहेत. चालू की बंद?"

"चालू."

"चालू असेल तर परत घेत नाहीत. आणि मुदत आजच संपते."

"अहो, बंद लिखी टाका ना! कोन देखस?"

"भिकू, चौतीस वर्षं इंजिनाच्या वहीत सह्या केल्या. चालत्या इंजिनाला बंद कधी लिहिलं नाही."

"मंग घरमा ठेईसन पूजा करनी शे का?"

"आबा, मागे रांग आहे. काय लिहू?"

"चालू."

भिकुबाईंनी खोकं उचलून काखेत मारलं.

"चला घर. नातले सांगसूत, हाई परतीनी गाडी शे."