मांडीवरचं जीपीएस

वैमानिकांच्या तपासणीला गेलो होतो. नर्सने डोळ्यांत थेंब टाकून आम्हाला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटून ऐकण्यापलीकडे उद्योग नव्हता. शेजारी मामा-भाचे होते, दोघेही वैमानिक.

“मामा, तू दिलेलं ते हातातलं जीपीएस परत घेऊन जा.”

“का, बिघडलं?”

“ते नाही, मीच बिघडलो. ढगात होतो. खालून रेडिओवर कंट्रोलर बाईंनी विचारलं, वाटेवरच्या पुढच्या दिशादर्शक केंद्राकडे सरळ जाता येईल का?”

“मग त्यांच्याकडे दिशा मागायची! त्या रडारवर लक्ष ठेवतात, आपण हातातलं नुसतं पडताळून बघायचं. ढगात असं सरळ जायला मंजूर झालेलं जीपीएस तुझ्या विमानात कुठाय?”

“तेच सांगायची लाज वाटली. येईल म्हणालो.”

“शाबास!”

“वाटेत ते मांडीवरून घसरून सीटखाली गेलं. हात पुरेना. अंदाजाने उडवत राहिलो आणि चांगलाच भरकटलो.”

“त्यांना दिसलं असेलच की.”

“दिसलं ना. म्हणाल्या, आडवा वारा लागतोय का?”

“आणि तू?”

“हो म्हणालो.”

“अरे, काय माणूस आहेस!”

“त्यांनी मला वाटेवर आणलं. वाऱ्याचं आपणच आधी विचारायला हवं होतं म्हणून माझी माफी मागितली. मग मागून येणाऱ्या प्रत्येक विमानाला सांगत राहिल्या, तिकडे वारा फार आहे, जपून या.”

“आणि तू ते गप्प बसून ऐकलंस?”

“गप्प कुठे बसलो, मामा? मी त्यांना थँक्यू म्हणालो.”