एक पिशवी रक्त कमी

हॅलो?… हॅलो!… कोण, झाबेता? बोल… नाही, फानिस नाही, मी आर्गिरो. तुझ्या नवऱ्याची आत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तुझ्या, आवाज ओळखू येत नाही?… आहे, इथेच आहे तो. आडवा पडलाय… अगं, बरा आहे, मरत नाहीये. त्याचा फोन माझ्याकडे का, तेही सांगते. आधी तू कशाला केलास ते सांग.

हं… हं… "उद्याचं ऑपरेशन पुढे ढकललं का?"

काय गं, ही सासऱ्याच्या छातीची काळजी की खालच्या खोलीची?… मी कुठे काय म्हटलं! मी आपला नुसता हिशेब मांडते, चुकला तर सांग. छाती उघडून हृदयाची झडप शिवली, तर माझा भाऊ स्तमातिस दोन-तीन महिने घरात. त्याला जिना चढायचा नाही, म्हणजे खालची खोली त्याची. म्हणजे बुखारेस्टची ती भाडं देणारी पाहुणेमंडळी शेजारच्या मारिगोकडे. म्हणजे अख्खा उन्हाळा गेला. आणि मांडीच्या शिरेतून नळी घालून आत चिमटा लावला, तर सासरा चार दिवसांत आपल्या पायांनी घरी, वर त्याच्या खोलीत, आणि खाली पाहुणे. बरोबर ना?…

मग रडतेस कशाला? हिशेबाला कोणी रडतं का?

हो, हो… अगं ऐक ना… नाही, आता तू ऐक. चिमटा वाईट असं मी म्हटलंच नाही. ज्याच्या अंगाला छाती उघडणं सोसणार नाही, त्याच्यासाठी देवाचा हात आहे तो. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं आम्हाला. झडपेला दोन पडदे. त्यातल्या एकाची दोरी तुटलीय, म्हणून तो सुटलेल्या शिडासारखा उलटा फडफडतो आणि रक्त मागे फिरतं. चिमटा दोन्ही पडदे मधोमध धरून ठेवतो, वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तसा. गळती कमी होते. पण बाई म्हणाल्या, यांचं कापड चांगलं आहे, दोरी नवी घालू, भोवती कडं बसवू, शिवलेलं वर्षानुवर्षं टिकेल. स्तमातिसला एका वाक्यात कळलं. जन्म गेला त्याचा बोटीवर, फाटलेलं कधी शिवायचं आणि कधी नुसतं बांधून बंदर गाठायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको. कळलं नाही ते तुमच्या फानिसला.

कळलं नाही म्हणजे? अगं, कळून घ्यायचं नव्हतं! डॉक्टरांच्या बैठकीआधी तुझ्या नवऱ्याने काय सांगितलं तिथे, माहीत आहे? "बाबा फार थकलेत. घरात पडतात. कधी कधी माणसं ओळखत नाहीत." स्तमातिस! जो कॉफीच्या दुकानात प्रत्येकाच्या हातातले पत्ते पाठीमागून ओळखतो!…

तुला माहीतच नव्हतं? बरं. नव्हतं. मग "बाबा, उद्या जरा पाय ओढत चाला" हे बोटीत बसताना त्याच्या कानात कोण सांगत होतं? मी मागच्याच बाकावर होते, झाबेता. म्हातारी आहे, बहिरी नाही.

आणि चालला की तो पाय ओढत! मुलासाठी चालला. डॉक्टरांनी सांगितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेहमीसारखं चाला. किती थकलेत ते बघायची त्यांची रीत. अर्ध्यापर्यंत असा गेला की मलाच वाटलं, आता याला खांदा द्यावा लागतो. आणि तेवढ्यात त्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "या आजोबा, धरा."

झालं!

आजोबा म्हणाल्या ना त्याला! पंधरा ऑगस्टला चर्चच्या जत्रेत अजून हा माणूस सगळ्यांना मागे सारून एकटा नाचतो. छाती काढली, मिशीवरून हात फिरवला आणि असा गेला की जणू नवरदेव निघालाय. पलीकडे भिंतीला टेकून धापा टाकत होता, ओठ निळे. पण मान वर. मग मुठीचा जोर मोजायचं ते यंत्र दिलं, तर काटा पार टोकाला. सुंभ जळला तरी पीळ जातोय होय? फानिसचं तोंड मात्र तेव्हा बघण्यासारखं होतं. शिळी सार्डीन मासळी बरी.

हॅलो?… आहेस ना?… मला वाटलं बोट लागली.

तर ठरलं, छाती उघडायची. आता पुढचं ऐक. इथली रीत तुला ठाऊक आहे, आपल्या माणसाला जेवढं रक्त लागेल तेवढं आपल्याच माणसांनी रक्तपेढीत भरायचं. कुठल्याही गटाचं चालतं. यांनी चार पिशव्या सांगितल्या. फानिस काय म्हणाला? "चार? आत्या, अख्खं बेट येईल!" बेट! तुमच्या लग्नात तीन दिवस आमची कोकरं खाल्लेलं बेट! तुझा भाऊ माकिस कुठे आहे?… गोंदवून घेतलं, म्हणून आता रक्त घेत नाहीत त्याचं? कधी गोंदवलं?… गेल्या मंगळवारी. आणि रक्त मागितलं कधी?… सोमवारी. बरं हो, योगायोग. काय गोंदलंय, नांगर?… दर्यावर्दीच तो! पोहायला येत नाही मेल्याला. आणि तुझा चुलतभाऊ? सुई बघितली की त्याला कसंसं होतं म्हणे. कोकराची मान धरायला बरा होतो पुढे.

आलं कोण? थोमास न्हावी आला, दुकानाला कुलूप लावून. पाद्र्याची बायको आली. आणि धक्क्यावरची ती तिकिटं विकणारी किर्कीनी, जिच्याशी तू दर उन्हाळ्यात भांडतेस, ती आली. तीन पिशव्या.

हो, सांगते ना चौथी. चौथी फानिसची. आज सकाळी दंड थोपटत गेला. "माझ्या बापाला मी देणार!" खुर्चीत बसला, सुई गेली, पिशवीत थोडं उतरलं असेल नसेल, हा पांढराफटक! डोळे फिरवले आणि सरकला खाली. त्याच्या हातातून फोन पडला तो मी उचलला… अगं शुद्धीवर आहे, साखरेचं पाणी पितोय, दोन नर्सा वारा घालतायत, मजेत आहे! पण ती पिशवी फेकली. अर्धवट भरलेली चालत नाही.

म्हणून एक कमी आहे. संध्याकाळपर्यंत भरली नाही तर ऑपरेशन पुढे जाणार. तेच विचारत होतीस ना तू? मिळालं उत्तर. गोड वाटलं?

काय?… "मग आता चिमट्याचंच बघा की"?

थांब. दाराबाहेर येते. स्तमातिसला जाग येईल.

हे बघ झाबेता. हे तू बोलायच्या आधी कोण बोललं माहीत आहे? तो बोलला. फानिस पडला, धावपळ झाली, त्याच्या कानावर गेलं. मला जवळ बोलावलं. म्हणाला, "आर्गिरो, पोरांना त्रास नको. त्या बाईंना सांग, मी मुद्दाम ताठ चाललो होतो. मला म्हातारा लिहा."

ऐकलंस? "मला म्हातारा लिहा." ज्याने आजोबा म्हटलेलं सहन केलं नाही, त्याने. तुझ्या एका खोलीसाठी. मी सांगितलं नाही बाईंना. सांगणारही नाही…

हॅलो?… झाबेता?… नाक नंतर शिंकर, आधी बोल.

तू देतेस?… तुझ्या अंगात रक्त कमी आहे, असं म्हणायचीस ना तू?… तपासलंय कधी?… अच्छा, वसंतात तपासलं आणि चांगलं निघालं. मग आम्हाला का नाही सांगितलंस?… जाऊ दे.

दुपारच्या बोटीने ये. पलीकडच्या किनाऱ्यावर केरामोतीला उतरलीस की इथे यायला थेट बस मिळेल. ओळखपत्र आण. पोटभर खाऊन नीघ, पाणी पी, नाहीतर तूही पडशील तुझ्या नवऱ्याच्या शेजारी, आणि मला दोघांना वारा घालत बसायला वेळ नाही… पाहुण्यांना काय सांगू म्हणजे? सांग, खोलीत आमचा माणूस आहे… हो, मारिगोकडे पाठव. तिचंही भलं होऊ दे एखाद्या वर्षी.

काय म्हणालीस?… माझे आभार? मला नको. माझं वय गेलं, माझं रक्त घेत नाहीत ते. घेतलं असतं, तर मी हा फोन उचललाच नसता.

हं. तर न्हाव्याने दिलं, पाद्र्याच्या बायकोने दिलं, किर्कीनीने दिलं. फानिसने फरशीवर दिलं. आणि तुझं, तू आलीस की सांगेन. ठेवते.