शिंपी आता अडकत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, नेट फास्ट झालं, खूश ना?" खूश कसला, डोंबलाचा? चांगलं अडकत होतं हो. इतकं छान अडकायचं, तुम्हाला सांगतो, की त्याच्याभोवती अख्खं वाचनालय गोळा व्हायचं. आता बघा. अडकतच नाही.

म्हणजे झालं काय, आमचा शिंपी, माझा लहानपणापासूनचा दोस्त, मला वर्गातून हाकललं की आपणहून मागोमाग बाहेर येणारा, तो गेला लेकीकडे, समुद्रापलीकडे. माझा फोन बटणांचा, त्यात शिंपी ऐकू येतो पण दिसत नाही, आणि शिंप्याची मजा बघण्यात आहे, ऐकण्यात काही राम नाही. म्हणून ग्रंथपाल बाईंनी मासिकांच्या कपाटाशेजारच्या कॉम्प्युटरवर आमची रोज सकाळची गाठ घालून दिली. तेव्हाचं नेट म्हणजे बैलगाडी. शिंपी "अरे" म्हणायचा आणि तसाच राहायचा, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, मान वाकडी. असा अडकला की हातातली वर्तमानपत्रं टाकून सगळे हजर. रोज पेपर वाचायला येणारा चष्मेवाला म्हणायचा, "जांभई देतोय." शाळेतल्या निवृत्त बाई विणकाम थांबवून, "छे हो, शिंक आहे, नाकपुडी बघा." मी म्हणायचो, "माझी पँट आखूड शिवली त्याची माफी मागतोय, तीच अडकलीय घशात." आणि ग्रंथपाल बाई 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभ्या राहून सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. मग शिंपी सुटायचा नि म्हणायचा, "...जेवलास का?"

एका प्रश्नाला सकाळ जायची. मला काय, दोस्त समोर, बघा हवं तेवढं. एरवी माणसाकडे इतका वेळ टक लावून बघता येतं का? लगेच विचारेल, काय रे, काय बघतोस?

मग आलं हे नवं नेट. भिंतीवर लुकलुकणारा डबा, खुर्ची मिळायची मारामार, पोरी नोकऱ्यांचे अर्ज भरतायत, चांगलंच आहे, वाईट कोण म्हणतो? शाळेच्या बाई तर कुठल्याकुठल्या देशांतल्या बायकांना विणकाम शिकवतात. मी खाकरलो तरी म्हणतात, "हळू, माझा वर्ग चालू आहे." चष्मेवाला कोपऱ्यात कानात बोंडं घालून एकटाच हसतो. त्या पाटीचा रंग उडाला पण तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आता पाटीला कामच उरलं नाही.

आणि शिंपी? लख्ख. केस न् केस दिसतो, म्हणजे आहेत तेवढे. "बरा आहेस?" "बरा आहे." "जेवलास?" "जेवलो." "गुडघा?" "दुखतो." संपलं. अडकतच नाही तर काय होणार? परवा म्हणाला, "रोज रोज काय बोलायचं रे? आता महिन्यानं लाव. काही नवीन असलं की."

आमच्या वयात नवीन ते काय असणार? एकच बातमी असते, आणि ती सांगायला मी नसणार.

मग मी काय केलं? अडकलो. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, मान वाकडी. "हॅलो? अरे टवाळा, ऐकू येतंय का?" मी दगड. नाकावर माशी बसली, तरी दगड. लेक मागून म्हणाली, "बाबा, थांबा जरा, येईल रेंज." शिंप्यानं चष्मा कपाळावर सारला, पडद्याला नाक लावलं, आणि बघत बसला. बराच वेळ. मग हळूच पुटपुटला, "थकलाय रे हा."

आणि एकाएकी त्याचंही तोंड उघडं, मान वाकडी, हलेना. म्हटलं, घ्या, खरंच अडकलं. तर त्याच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलतोय, लेक कप घेऊन इकडून तिकडे जातेय. लबाड कुठला.

चष्मेवाल्यानं बोंडं काढली. "जांभई." शाळेच्या बाई वर्ग सोडून आल्या. "दोघांनाही शिंक आलीय." ग्रंथपाल बाई धावत आल्या, भिंतीवरचा डबा ठोकला, वायर हलवली. "आजोबा, नेट तर जोरात चालू आहे, मग तुम्ही दोघं असे का?"

आता मी कसं बोलणार? अडकलो होतो ना.

तेव्हापासून रोज सकाळी हेच. मान अवघडते, माश्या बसतात. पण करणार काय, नेटला जमेना म्हटल्यावर आपणच अडकायचं.