शेवटचं प्रकरण पाझर तलावावर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे सर्वेसर्वा माननीय राधाकृष्णअण्णा, मुख्याध्यापक गहिनीनाथ सर, जामखेडहून एवढ्या उन्हात आलेले सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आणि सतरंजी अपुरी पडली म्हणून खाली फरशीवर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

सरांनी मला ज्ञानगंगा म्हटलं. यंदा गावात प्यायला पाणी नाही, तरी मला गंगा म्हणायचं धाडस त्यांनी केलं, त्याबद्दल आभारी आहे. अण्णा म्हणाले, निवृत्तीनंतर चांगुणाबाईंनी खूनबीन सोडून काहीतरी चांगलं लिहावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गात सवय लागलेली, मीही वाजवल्या. पण उत्तर द्यायला हवं म्हणून देते. मी सोडणार नाही.

मी रहस्यकथा लिहिते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे कोण वाचतं? दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं, वाचनालयात अण्णा आणि घड्याळ एवढेच उरतात. चैत्र-वैशाखात माणसं परत येतात आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढं गर्दी होते. ऋतू असे ठरलेले, म्हणून लिहिणंही ठरलेलं. गेल्या साली ऋतूंनीच दगा दिला. मृग कोरडा, हस्त कोरडा, ज्वारीचं नाव नाही. सगळं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडतंय, आणि माझी पुस्तकं पहिल्यांदाच बारमाही वाचली गेली. यात मी आनंद मानू की रडू, मला खरंच कळत नाही.

आमची दगडाबाई, माझ्या हाताखाली चौथी पास झालेली, दुपारच्या सुट्टीत तिथल्या बाभळीखाली बसून माझं एक पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि बायका भाकरी खात ऐकायच्या. त्या पुस्तकात एका मुकादमावर खुनाचा संशय आहे. आता कामावरचे आपले आसाराम मुकादमही तिथंच जेवायला बसायचे. बायका ऐकता ऐकता त्यांच्याकडं बघायला लागल्या. लंकाबाईनं तर त्यांच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं! आसारामांना वाटलं, बाईनं हे आपल्यावरच लिहिलंय. शेवटचं प्रकरण राहिलं असताना त्यांनी पुस्तक हिसकावून अण्णांकडं दिलं. अण्णांनी कमिटी बोलावून ठराव केला की असली पुस्तकं माणसं बिघडवतात, आणि रहस्यकथांच्या कपाटाला कुलूप लावलं. त्याच कमिटीनं हा सत्कार ठेवला. हार घालताना अण्णांच्या करगोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा वाजत होता, तो मला ऐकू आला.

मला राग आलाय, तो मी लपवत नाही. लोकांना भाकरी नाही आणि यांना खून सुचतात, असं कमिटीत कुणी म्हणालं म्हणे. अहो, भाकरी नाही म्हणूनच तर! आभाळानं शब्द मोडला, विहिरींनी मोडला. ज्या पुस्तकात पहिल्या पानावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या पानावर हमखास मिळतं, ते ऐकावंसं वाटणं यात बिघडण्यासारखं काय आहे? दिवसभर हातोडा चालवून दुपारी घटकाभर डोकं चालवलं, तर कुणाचं काय नुकसान झालं?

परवा दगडाबाई घरी आली. मला वाटलं, खुनी कोण ते विचारायला आली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात जोडले.

“बाई, नाव सांगू नगा. निकाल कुनीबी सांगंल. आमाला वाचून ऐकायचं हाय.”

इतकी वर्षं मी लिहितेय, पण यापेक्षा मोठा सत्कार माझा झालेला नाही. अण्णा, राग मानू नका, पण आजचा सत्कारसुद्धा त्याहून मोठा नाही.

आसाराम मुकादम मागं दाराशी उभे आहेत. दादा, मी तुमच्यावर लिहिलेलं नाही. तुम्ही आणखी चार पानं धीर धरला असता, तर लंकाबाईनं स्वतः तुमच्यापुढं तांब्या धरला असता. याहून जास्त सांगणार नाही, माझा धंदा बुडेल.

आता आभार. शाळेनं पोट भरलं, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, पाहुण्यांनी वेळ दिला, सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान कमी राखला गेला असेल तर पदरात घ्या. पुस्तकांबद्दल मात्र मी कुणाची क्षमा मागत नाही.

अण्णा, कुलूप खुशाल राहू द्या. ते पुस्तक मीच लिहिलंय, अक्षरन् अक्षर मला पाठ आहे. आणि आज तुम्ही मला निवृत्त केलंत, तेव्हा उद्यापासून माझी दुपार मोकळी आहे. बायांनो, भाकरी बांधून बाभळीखाली या. आसारामदादा, तुम्ही पुढं बसा.