अँटीव्हायरस हवा की नको, इथे सही करा

...आणि वर मलाच विचारतात, "तू एवढा शिकलास, मग साधं एक उत्तर का देत नाहीस?" अहो, दिलं होतं ना! पहिल्याच मिनिटाला दिलं होतं! घरच्या कॉम्प्युटरला वेगळा अँटीव्हायरस लागतो का? नाही लागत. विषय संपला. हो की नाही, एवढंच सांगायचं होतं! पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात विषय संपत नाहीत, त्यांची चौकशी समिती बसते.

आमचे पप्पा, श्यामकांत, एकतीस वर्षं आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाले ते कंपनीतून, सेफ्टीतून नाही! आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये गॅसच्या शेजारी वाळूची बादली आहे. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना दाखवलं जातं, आग लागली तर कुठून पळायचं. तर शनिवारी सकाळी हे कॉम्प्युटरवर गुडघेदुखीचे व्यायाम बघत बसले होते आणि कोपऱ्यात उगवला एक लाल चौकोन... 'धोका! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सात व्हायरस!' आता तुम्ही-मी काय करू? फुली मारू. जाहिरात असते हो ती! पण लाल दिवा लागला की शंभर माणसं गेटबाहेर काढण्यात ज्यांची हयात गेली, ते फुली मारतील? त्यांनी मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या, आईला जिन्यात नेऊन उभं केलं, आणि परत येऊन कॉम्प्युटरच्या प्लगला कुलूप घातलं.

हसू नका! प्लगला कुलूप घालता येतं. कंपनीत मशीन दुरुस्तीला काढलं की कुणी चुकून चालू करू नये म्हणून घालतात. लाल प्लॅस्टिकचा डबा, आत प्लग, बाहेर कुलूप, वर पाटी... 'धोका. चालू करू नये.' आणि नियम असा, की ज्याने घातलं त्यानेच काढायचं, तेही परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर. लोक रिटायर होताना घड्याळ घेतात, आमच्या पप्पांनी हा डबा मागून घेतला!

मी म्हटलं, "पप्पा, उघडा."

"आधी ठरू दे. अँटीव्हायरस हवा की नको?"

"नको! विंडोजच्या आत त्याचा स्वतःचा असतो. तो चालू आहे. फुकट आहे."

"फुकट? यज्ञेश, फुकट आलेल्या हातमोज्यांनी किती जणांची बोटं गेली, मला विचार."

"बरं, मग चालू करून तपासू या, व्हायरस आहे का ते."

"धोका नाही हे कळल्याशिवाय चालू करायचा नाही."

"पण चालू केल्याशिवाय कळणार कसं?"

"ते तू सांग. तू शिकलायस."

सांगा! काय सांगू? आणि इकडे माझा जीव टांगणीला, कारण त्या कॉम्प्युटरच्या पोटात माझी दोन वर्षं अडकली होती. बदलापूरच्या पुढच्या गावांमध्ये दर रविवारी जाऊन मी विहिरींचं पाणी तपासलंय, सदतीस विहिरी, त्यांचे फोटो, आकडे, नकाशे, आणि त्यावर लिहिलेला फेलोशिपचा अर्ज. मिळाली तर वर्षभर तेच काम करायला मिळणार होतं. अर्जाची मुदत? त्याच शनिवारी, संध्याकाळी पाच! फायलींची दुसरी कॉपी का नव्हती, असं विचारणारे जे कोणी असतील त्यांनी कृपया मागे जाऊन बसावं.

आई जिन्यातून आत आली. "अरे, घालून टाक ना एखादा! लहानपणी तुला डोस पाजले, तेव्हा तू काय आजारी होतास?"

मी उसळलो. "आई, हा भीतीचा बाजार आहे! आधी घाबरवायचं, मग विकायचं! कुणीतरी ठामपणे नाही म्हणायला हवं!"

"म्हण की. मग पाचपर्यंत नुसता नाही म्हणत बसणारेस, की पोहे खातोस?"

आणि पप्पांनी तोवर परमिट आखलंसुद्धा! परमिट देणारे श्यामकांत, काम करणारा यज्ञेश, एरिया इन्चार्ज नीलिमा, म्हणजे आई. आई म्हणाली, "तुमचं काय ते ठरवा, मी दोन्हींवर सही करते." हो की नाही, एवढंच सांगायचं होतं... आणि घरात तीन रकाने!

शेवटी ठरलं, तज्ज्ञाचं मत घ्यायचं. उल्हासनगर, कॅम्प चार, होतचंदजींचं दुकान. आमचा कॉम्प्युटर त्यांच्याकडचाच. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. होतचंदजींनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं, माझ्या भीतीच्या बाजाराच्या भाषणासकट. त्यांच्यामागे भिंतभर अँटीव्हायरसचे डबे! मी मनात म्हटलं, गेलो. आता हा माणूस विकणार, पप्पा जिंकणार, बाजार जिंकणार...

होतचंदजी म्हणाले, "नहीं चाहिए, साईं. अंदरवाला चालू रखो, अपडेट करते रहो, चोरी का सॉफ्टवेअर मत डालो. घर के लिए बहुत है."

तुम्हाला सांगतो, मी पाया पडलो! भर दुकानात! म्हटलं, अजून अशी माणसं आहेत, या देशाचं काहीतरी होईल!

पप्पा दुकानाबाहेर आले आणि हळूच म्हणाले, "खोटं बोलतोय."

"काय?"

"मागे भिंतभर माल आणि गिऱ्हाइकाला नको म्हणतो? एकतीस वर्षांत असा सप्लायर नाही बघितला. जुना स्टॉक असणार. म्हणजे अँटीव्हायरस हवाच, फक्त याच्याकडचा नको."

आता या युक्तिवादाला कुठल्या विद्यापीठात उत्तर मिळतं? मी पुन्हा आत गेलो. "होतचंदजी, विका!"

"बोला ना बेटा, नहीं चाहिए."

"नकोच आहे! तरी विका! तुम्ही विकलात की पप्पांचा विश्वास बसेल!"

"अभी तू ही बोल रहा था, डर का धंदा है. चालीस साल में मैंने डरा के माल नहीं बेचा."

"तुम्ही कुठे घाबरवताय? मी घरूनच घाबरून आलोय!"

"तू व्हायरस से नहीं डरा, बेटा. पप्पा से डरा. उसका डब्बा मेरे पास नहीं आता."

नाही विकला हो त्यांनी! तत्त्वाचा माणूस! आणि मी, तत्त्वाचा दुसरा माणूस, शेजारच्या दुकानात शिरलो आणि हाताला लागला तो अँटीव्हायरस एक शब्द न विचारता घेऊन आलो. रिक्षा, खड्डे, पुलाखालचा ट्रॅफिक... घरी चार वाजता. मला वाटलं, आता कुलूप उघडणार. छे! पप्पांनी पेन पुढे केलं. "लिही. या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस आवश्यक आहे, हे मला पूर्णपणे पटले आहे. खाली सही."

सकाळपासून हो की नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि मी काय लिहून दिलं? हो! तारीख-वेळेसकट, हो!

मग कुलूप निघालं, अँटीव्हायरस घातला, त्याने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, मग म्हणाला, संपूर्ण तपासणी सुरू आहे, कृपया थांबा. पप्पा खूश, "बघ, कसा काम करतोय!" चार पन्नासला अर्ज उघडला. सगळं भरलेलं, फक्त शेवटचा प्रश्न मी राखून ठेवला होता, नीट विचार करून लिहू म्हणून. 'दबाव असूनही तत्त्वाशी तडजोड न केल्याचा एक प्रसंग लिहा.'

आता माझी सही सुकायची होती हो अजून! खोटं कसं लिहिणार? मग लिहिला, होतचंदजींचा लिहिला. अगदी त्यांच्या शब्दांत, नावासकट. चार अठ्ठावन्नला अर्ज गेला.

पंधरा दिवसांनी संस्थेतून एका बाईंचा फोन. "यज्ञेश, तुमचा प्रसंग वाचून आमच्या समितीच्या डोळ्यांत पाणी आलं."

मी उभाच राहिलो. "म्हणजे... निवड झाली?"

"तुमची नाही. पण आमच्या सल्लागार मंडळावर एक जागा रिकामी आहे, तिथे आम्हाला असाच माणूस हवाय. होतचंदजींचा नंबर देऊ शकाल का? घाई नाही... हो की नाही, एवढंच सांगा."

हो, म्हटलं.