दोरी सोड, धाकू!

—अहो पण वाऱ्याला कशाला बोल लावता, मिस्त्रीसाहेब? मुंबईहून आगबोटीने आलात, मनोऱ्यावर चढलात, पवनचक्कीची दातेरी चाकांची पेटी उघडून तेलातले मोडके दात फडक्यात बांधलेत—आता बसा की वाईच पायरीवर. तर वाऱ्याने मोडली असेल तर तुमची कंपनी बागेच्या मालकांना, चारुदत्तभाऊंना, नवी पेटी फुकट देणार, आणि माणसाच्या हाताने मोडली असेल तर नाही—असंच ना? मग ऐका. हाताने मोडली! धाकूच्या! हसताय? हसा, मी तर हिरड्यांनीच हसतो.

धाकू कोण? तो मघापासून चक्कीखाली आभाळाकडे तोंड वासून उभा आहे तो. माझ्या मचव्यावर खलाशी होता, मी तांडेल. मचवा गेला, मग मी भाऊंच्या बागेत रहाट हाकू लागलो—मी आणि एक आंधळा बैल, दोघांनी सगळ्या पोफळी भिजवल्या. मग आली ही तुमची चक्की. भाऊंनी पूजा घातली, अख्खं मांडवी गाव जेवायला, आणि चुलीला लाकूड कुठलं? माझा रहाट! दात्यांसकट! वर भर पंगतीत म्हणतात, "भिकाजी, तुझे आणि रहाटाचे दात एकदमच पडले रे!" पंगत हसली. मीही हसलो—सगळ्यांत मोठ्याने मीच. गावाची टोपी उडवणं हा माझा धंदा हो. पण माझी उडवलेली मी विसरत नाही.

हं, तर धाकू. त्या दिवशी दर्यावरून वारा उठला. भाऊ ओटीवरून ओरडले, "चक्की बंद कर!" आता बघा, मचव्यावर वारा आवरेना झाला की शिडाची दोरी सोडायची—शीड फडफडतं, वारा सांडतो, जीव वाचतो. तुमच्या चक्कीचं उलटं—दोरी ओढली की शेपूट मिटतं, पंखा वाऱ्यातून बाजूला होतो. सोडली की वाऱ्याला तोंड देतो. धाकू गांगरला. "तांडेल, काय करू?" अजून तांडेलच म्हणतो बिचारा. मी म्हटलं, "दोरी सोड, धाकू!" —सवय हो! दर्याची जीभ ती!

सोडल्याने मोडली? छे! काय पोलाद आहे साहेब तुमचं! पंखा पिसाटला, मनोरा थरथरला, पण पेटी घूंघूं करत ओढतच होती. नुसत्या जोराने ती दमत नाही, तिला हिसका लागतो. म्हणून मी वाट बघितली, अजून थोडी वेडी होऊ दे म्हटलं, आणि मग ओरडलो, "आता ओढ! अंग टाकून ओढ!" —खाड्! चुलीत माझा रहाट अस्साच वाजला होता.

—असं काय बघता? सवय म्हणालो ना... बरं, नाही सवय. घ्या लिहून माझं नाव! पेटी फुकट मिळणार नाही ना? बस्स. सुकू देत पोफळी. हसा म्हणावं आता पंगतीत!

पाणी हवंय? ...थांबा हं. हंडा पालथा आहे. आमची कारभारीण सगुणा गेलीय खालच्या झऱ्यावर. विहिरीचं तोंड भाऊंनी चिऱ्यांनी बांधून वर मनोरा ठोकलाय ना, पोहरा सोडायलाही जागा नाही. आमच्या घरातही पाणी त्या चक्कीचंच यायचं. घाटी चढताना वळणावळणावर ती धाकूला शिव्या घालते. मीही घालतो, तिच्या जोडीने.

—ती बघा, आलीच! उठा, फडकं खिशात घाला. आणि तिच्यासमोर एक अक्षर जरी... जा म्हणतो ना! निघा!