विमानातला झटका

मी विमानात घाबरलो, असं माझा मुलगा सुधाकर मोताळ्यात सांगत फिरतो. खरं काय झालं ते ऐका. तो विमानाच्या वायरिंगचा इंजिनिअर, माझ्या शेजारीच बसला होता. विमान हलण्याआधी सगळे दिवे क्षणभर गेले आणि भपकन आले. शेतात असं झालं की आम्ही आधी मोटर बंद करतो, नाहीतर ती जळते. मी उठून ओरडलो, "बंद करा बे, मोटर जळन!"

सुधाकर म्हणाला, "बाबा, बसा. बाहेरची लाइन काढून इंजिनाची जोडली. तेवढा झटका बसतेच. काही जळू नये म्हणून त आम्हाले ठेवलं."

मी म्हणालो, "तू त इथं बसला. मंग तिथं कोन हाये?"

उतरेपर्यंत दिव्यांकडे तोच बघत होता.